३८३ : एका स्ट्राइकआउटने मोडलेला रेकॉर्ड आणि ती अकरावी इनिंग

अमेरिकन बेसबॉल. सीझनमधली शेवटची स्टार्ट (म्हणजे पहिल्यापासून आपणच बॉल टाकायची मॅच), हातात एकच मॅच, आणि एका सीझनमधल्या सगळ्यात जास्त स्ट्राइकआउटच्या रेकॉर्डसाठी १६ स्ट्राइकआउट पाहिजेत. १५ मिळाले तर नुसती बरोबरी. पिचर (आपला बोलर) नोलन रायन, वय २६, टीम कॅलिफोर्निया एंजल्स, समोर मिनेसोटा ट्विन्स, मैदान अनाहाइमचं, तारीख २७ सप्टेंबर १९७३. त्याच्या नावावर तोपर्यंत ३१५ इनिंगमध्ये ३६७ स्ट्राइकआउट होते, म्हणजे दर ९ इनिंगला साधारण साडेदहा. आता साडेदहाची सरासरी असलेल्या माणसाला नेमक्या शेवटच्या दिवशी १६ काढायचेत.

मी मूळचा क्रिकेटवाला, बेसबॉलच्या नादाला लागलो ते आकड्यांमुळे, आणि आकड्यांमुळे लागलेल्या कुठल्याही माणसाला कधी ना कधी हा ३८३ आडवा येतोच. कारण हा रेकॉर्ड (१९०० नंतरच्या आधुनिक बेसबॉलचा) १९७३ पासून तसाच उभा आहे, आणि आधीचा होता ३८२. अख्ख्या सीझनमध्ये फक्त एकाचा फरक! मग प्रश्न पडतो की हा एक आला कुठून. त्या एकाच्या मागे मागे गेलं की लक्षात येतं की हा रेकॉर्ड आपण समजतो तसा नुसता फास्ट बॉल टाकण्याचा नाहीचे, त्यात बरंच काही मिसळलंय.

ज्यांना बेसबॉल अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मॅच ९ इनिंगची, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीम आळीपाळीने बॅटिंग करतात, तीन आउट झाले की पाळी संपली; बरोबरी झाली तर पुढे एक्स्ट्रा इनिंग. बॉल स्ट्राइक झोनमधून (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतून) गेला आणि बॅटरने सोडला तर स्ट्राइक, मारायला गेला आणि चुकला तरी स्ट्राइक, असे तीन झाले की स्ट्राइकआउट. आपल्या भाषेत क्लीन बोल्ड समजा, फिल्डरची गरज नाही, पिचर आणि कॅचर (आपला विकेटकीपर) दोघांतच काम संपलं. उलट झोनच्या बाहेर चार बॉल टाकले आणि बॅटरने सोडले तर वॉक, म्हणजे बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. हा वॉक शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणारे. पिचर उभा असतो त्या माउंडपासून होम प्लेट ६० फूट ६ इंच, आपल्या २२ यार्डांच्या पिचपेक्षा थोडं कमीच, आणि टप्पा नाही, बॉल थेट येतो.

माणूस कोण

टेक्सासमधल्या ॲल्विन गावात वाढलेला पोरगा. १९६५ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात तो) न्यूयॉर्क मेट्सनी त्याला उचलला तो बाराव्या राउंडमध्ये, नंबर २९५. म्हणजे त्याच्या आधी २९४ जणांची नावं पुकारून झाली होती. हातात वेग प्रचंड पण बॉल कुठे जाईल ते त्यालाच माहीत (बहुतेक वेळा त्यालाही नसायचं). बोटांना सारखे फोड यायचे, म्हणून मेट्सच्या ट्रेनरने त्याला लोणच्याच्या खारात बोटं बुडवून बसायला लावलं होतं, कातडी टणक व्हावी म्हणून. काकडीचं लोणचं हां, आपलं कैरीचं नाही, नाहीतर तेवढ्यावरच करिअर संपलं असतं. मधेमधे आर्मी रिझर्व्हची ड्युटी, त्यामुळे सलग खेळणंही व्हायचं नाही.

१० डिसेंबर १९७१ ला मेट्सनी कंटाळून त्याला कॅलिफोर्नियाला पाठवला, आणखी तीन खेळाडूंसोबत, बदल्यात एकटा जिम फ्रेगोसी घेतला. मेट्सच्या इतिहासातला सगळ्यात फसलेला व्यवहार म्हणून आजही लोक याचंच नाव घेतात. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी बघितलं असतं तर तुम्ही आम्हीही कदाचित हेच केलं असतं. फ्रेगोसी सहा वेळा ऑल-स्टार झालेला आणि रायन म्हणजे वॉकवर वॉक देणारा.

एंजल्सकडे टॉम मॉर्गन नावाचा पिचिंग कोच होता. त्याने रायनची घाई कमी केली. रायन बॉल टाकताना शरीर आधी पुढे फेकायचा आणि हात मागे राहायचा, मग बॉल वर उडायचा. ते थोडं जाग्यावर आणलं आणि १९७२ मध्ये थेट ३२९ स्ट्राइकआउट. वॉक मात्र तरीही १५७. म्हणजे घोडा लगामाला आला असं नाही, फक्त कुठल्या दिशेला पळायचं ते कळायला लागलं.

१९७३

या सीझनचे रायनचे आकडे एकदा एकत्र बघू. ४१ मॅच, त्यात ३९ स्टार्ट, २६ वेळा मॅच एकट्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत टाकली, ३२६ इनिंग, २१ विजय १६ पराभव, ईआरए २.८७ (म्हणजे दर ९ इनिंगला त्याच्या खात्यावर पडलेले रन), १६२ वॉक, ३८३ स्ट्राइकआउट. २३ मॅचमध्ये १० किंवा जास्त स्ट्राइकआउट. शिवाय दोन नो-हिटर, म्हणजे समोरच्या टीमला अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट नाही. पहिला १५ मे ला कॅन्सस सिटीमध्ये, दुसरा बरोब्बर दोन महिन्यांनी १५ जुलैला डेट्रॉइटमध्ये.

पहिल्या नो-हिटरला कॅचर होता जेफ टोरबोर्ग. हे नाव मुद्दाम घेतोय, कारण हाच टोरबोर्ग १९६५ मध्ये लॉस एंजलिस डॉजर्सकडे होता आणि सँडी कोफॅक्सच्या परफेक्ट गेमला (समोरचा एकही बॅटर बेसवर पोचला नाही अशी मॅच) कॅचर हाच होता, आणि ३८२ चा जो रेकॉर्ड रायनला मोडायचा होता तो कोफॅक्सने त्याच १९६५ च्या सीझनमध्ये केलेला. दोघांचे बॉल ग्लोव्हमध्ये घेतलेला माणूस.

डेट्रॉइटची मॅच जरा सावकाश बघण्यासारखी आहे, माझ्या मते सप्टेंबरच्या त्या प्रकरणाचं मूळ तिथे आहे. सातव्या इनिंगपर्यंत रायनने १६ स्ट्राइकआउट काढले होते. सात इनिंगमध्ये सोळा! तेव्हा ९ इनिंगच्या मॅचचा रेकॉर्ड १९ होता, तो जाणार असंच सगळ्यांना वाटत असणार. आणि मग आठव्या इनिंगला एंजल्सची बॅटिंग आली आणि यांनी नेमकी तेव्हाच हात धुऊन घ्यायची ठरवली, पाच रन काढले, इनिंग लांबली, आणि रायन तेवढा वेळ बसून राहिला, हात आखडला. त्यानंतरच्या दोन इनिंगमध्ये फक्त एक स्ट्राइकआउट. एकूण १७, नो-हिटर झाला, ६-० ने जिंकले, पण त्या लांबलेल्या अर्ध्या इनिंगने त्याचे दोन-तीन स्ट्राइकआउट खाल्ले असं मला वाटतं. ते मिळाले असते तर सप्टेंबरमध्ये सोळाची गरजच पडली नसती. टीमने रन केले म्हणून रेकॉर्ड अडकला, असलं विचित्र दुःख.

त्याच मॅचमधला नववीचा किस्सा कुणालाही सांगावा असा आहे. डेट्रॉइटचा नॉर्म कॅश बॅटिंगला आला तो बॅटऐवजी क्लबहाउसमधल्या टेबलाचा पाय घेऊन. अंपायर रॉन लुचियानोने त्याला परत पाठवलं, खरी बॅट घेऊन ये म्हणून. कॅश म्हणाला म्हणे की कशानेही मारलं तरी लागणार नाहीच आहे. आला, साधा उंच कॅच देऊन आउट झाला, आणि तोच शेवटचा आउट.

मग ती मॅच

सप्टेंबर २७, गुरुवार. सीझन संपायला तीन दिवस. एंजल्सचं काही पणाला लागलेलं नव्हतं, ते ७९ विजय ८३ पराभवांवर चौथे राहिले, पहिल्या आलेल्या ओकलंडपेक्षा १५ मॅच मागे. मैदानात आलेले लोक जेमतेम नऊ हजारांच्या वर. आपल्याकडे एखादा बोलर असल्या रेकॉर्डच्या एवढा जवळ आला असता तर गेटवर लाठीचार्ज झाला असता.

सुरुवातच बेकार. ट्विन्सनी पहिल्याच इनिंगमध्ये तीन रन काढले. इथे जरा थांबा, कारण इथेच या केसमधला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा आहे. १९७३ हे अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक, दुसरी नॅशनल लीग) डेझिग्नेटेड हिटरचं, म्हणजे डीएचचं, पहिलं वर्ष. म्हणजे पिचरने बॅटिंग करायचीच नाही, त्याच्या जागी एक वेगळा बॅटर. एंजल्सकडे हे काम त्या वर्षी मुख्यतः फ्रँक रॉबिन्सन करत होता. जुन्या नियमात काय व्हायचं, की पिचर तीन रनने मागे आहे आणि त्याची बॅटिंग आली की मॅनेजर म्हणायचा बस झालं, याच्या जागी चांगला बॅटर पाठवू, आणि बॅटर बदलला की पिचरही मॅचच्या बाहेर. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला परत येत नाही. डीएच आल्यावर ही कटकटच संपली. मागे असलात तरी पिचर टिकतो. मॅनेजर बॉबी विंकल्सला त्या दिवशी रायनला काढायचं असं कुठलंही बॅटिंगचं कारण नव्हतं. मला तर वाटतं की १९७२ चा नियम असता तर ही मॅच रायनने संपवलीच नसती.

पण डीएचची दुसरी बाजूही आहे आणि ती रायनच्या विरुद्ध जाते. कोफॅक्स १९६५ मध्ये नॅशनल लीगमध्ये, तिथे समोरचा पिचर बॅट घेऊन यायचा, आणि पिचर म्हणजे बॅटिंगमध्ये आपला अकरा नंबरचा गडी, स्ट्राइकआउट जवळपास हक्काचा. रायनला १९७३ मध्ये हे हक्काचे गडी मिळालेच नाहीत, नऊच्या नऊ खरे बॅटर. शिवाय १९६५ मध्ये माउंड १५ इंच उंच होता, १९६९ पासून तो १० इंचावर आणला आणि स्ट्राइक झोनही लहान केला, कारण १९६८ मध्ये पिचर लोकांनी बॅटर लोकांचं जिणं हराम केलं होतं. म्हणजे एकाच नियमाने रायनला इनिंग जास्त दिल्या आणि सोपे बळी काढून घेतले. दोन्हीचा हिशोब जमाखर्चात मांडून शेवटी शिल्लक काय ते कुणी पक्कं सांगू शकेल असं मला वाटत नाही, मी तरी नाही सांगणार.

परत मॅचकडे. एंजल्सनी हळूहळू बरोबरी साधली, ४-४. रायन एकेक काढत राहिला आणि आठव्या इनिंगमध्ये स्टीव्ह ब्राय गेला, तो त्या दिवसाचा पंधरावा. ३८२. कोफॅक्सशी बरोबरी. आता एक पाहिजे फक्त, आणि एक इनिंग बाकी.

नववीत एकही नाही.

आता गंमत अशी की एंजल्सनी नववीत आपला रन काढला असता तर मॅच तिथेच संपली असती, टीम जिंकली असती आणि रायन ३८२ वर कोफॅक्सच्या शेजारी बसला असता. म्हणजे डेट्रॉइटला टीमने रन केले म्हणून अडकलं, इथे टीमने रन केले नाहीत म्हणून संधी मिळाली. दहावीतही एकही नाही. तोपर्यंत पायात गोळे यायला लागले होते, इनिंगच्या मधे तो पोटऱ्या चोळून घेत होता. दहा इनिंग, एका दिवशी, एका हाताने, आणि त्यात वॉकही दिलेले, म्हणजे पिच (टाकलेले बॉल) किती झाले असतील त्याचा अंदाज तुम्हीच करा, तेव्हा आजच्यासारखं प्रत्येक पिच मोजून स्क्रीनवर दाखवायची पद्धत नव्हती.

अकरावी. दोन आउट झाले, त्यातला एकही स्ट्राइकआउट नाही. बेसवर रॉड कॅरू, ज्याने त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त .३५० च्या सरासरीने बॅटिंग केली तो. आणि समोर रिच रीस. रीस बॅट फिरवून चुकला, तिसरा स्ट्राइक, ३८३. त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात एंजल्सनी रन काढला आणि ५-४ ने जिंकले, रायनचा एकविसावा विजय. म्हणजे रीस रायनच्या सीझनचा शेवटचा बॅटर होता. मॅचचा शेवटचा नव्हे, सीझनचा. तेराशे पंचावन्न बॅटर झाले होते वर्षभरात, आणि रेकॉर्ड पडला तो तेराशे पंचावन्नाव्यावर.

कुंबळेच्या दहा विकेटचा फिरोजशाह कोटला आठवतोय ना, ७ फेब्रुवारी १९९९? नऊ झाल्यावर दुसऱ्या टोकाने श्रीनाथ ऑफच्या बाहेर लांब लांब टाकत होता, चुकून विकेट मिळू नये म्हणून, आणि मग अक्रम लक्ष्मणकडे कॅच देऊन गेला. तिथे टीमला रेकॉर्डसाठी काहीतरी करता आलं. बेसबॉलमध्ये एंजल्सना तसं काही करता येण्यासारखं नव्हतं. फिल्डरने मुद्दाम कॅच सोडायचा का? ४-४ असताना? एकच गोष्ट मॅनेजरच्या हातात होती, की रायनला काढायचं नाही. ती विंकल्सने पाळली.

तर रेकॉर्ड नक्की कशाचा

आता जरा आकडे, कंटाळा आला तर हा भाग उडी मारून जा, पण मला विचाराल तर खरी केस इथेच आहे.

लोक तुलना करताना दर ९ इनिंगला किती स्ट्राइकआउट हे बघतात. कोफॅक्स १९६५ : ३३५ आणि दोन तृतीयांश इनिंग, ३८२ स्ट्राइकआउट, दर ९ इनिंगला १०.२४. रायन १९७३ : ३२६ इनिंग, ३८३, दर ९ इनिंगला १०.५७. झालं, रायन सरस. पण हे माप फसवं आहे. इनिंग मोजते आउट, बॅटर मोजत नाही. रायन वॉक द्यायचा, हिट द्यायचा, म्हणजे इनिंग संपवायला त्याला जास्त बॅटर लागायचे, आणि प्रत्येक जास्तीचा बॅटर म्हणजे स्ट्राइकआउटची जास्तीची संधी. रायनने ३२६ इनिंगमध्ये १३५५ बॅटर बघितले, कोफॅक्सने त्याच्यापेक्षा नऊ-दहा इनिंग जास्त टाकूनही १२९७ च. आता टक्के काढा. कोफॅक्स २९.५ टक्के, रायन २८.३ टक्के. पारडं फिरलं!

म्हणजे रायनच्या वेडेपणाने, त्या १६२ वॉकनी, त्याला रेकॉर्डपर्यंत पोचवलं असं म्हटलं तर अगदीच चूक नाही. कोफॅक्सचे वॉक किती होते? ७१. त्याने रेकॉर्ड केला तो नीटनेटका, २६-८, ईआरए २.०४. रायनचा म्हणजे भांडीकुंडी फोडत केलेला स्वयंपाक, पण जेवण झालं.

अर्थात काळ बघायला हवा. १९६५ च्या नॅशनल लीगमध्ये एक टीम एका मॅचला सरासरी सहाच्या आसपास स्ट्राइकआउट व्हायची, १९७३ च्या अमेरिकन लीगमध्ये पाचच्या आसपास. आजूबाजूला सगळे कमी काढत असताना रायन काढत होता. हे नीट दिसतं ते त्या वर्षीच्या यादीत. अमेरिकन लीगमध्ये रायन ३८३, दुसरा बर्ट ब्लायलेव्हन २५८, तिसरा बिल सिंगर २४१ (हा पण एंजल्सचाच), मग गेलॉर्ड पेरी २३८, मिकी लोलिच २१४. नॅशनल लीगमध्ये पहिला टॉम सीव्हर, २५१. एक आणि दोनमध्ये १२५ चं अंतर. पहिला नंबर काढला तर बाकीची यादी कशी छान, सभ्य, एकमेकांच्या जवळ जवळ बसलेली दिसते.

आणि त्या ब्लायलेव्हनकडे बघाच. त्याच ट्विन्स टीमचा पिचर, वय २२. इनिंग ३२५, रायनपेक्षा फक्त एक कमी. विजय २०, पराभव १७. जवळजवळ जुळा भाऊच. पण वॉक ६७ आणि ईआरए २.५२, म्हणजे रायनपेक्षा चांगला. तेवढ्याच इनिंगमध्ये १२५ स्ट्राइकआउट कमी काढून या माणसाने रन कमी दिले. स्ट्राइकआउट दिसायला भारी, पण वॉक दिलेला बॅटरही पळतच असतो की.

म्हणूनच त्या वर्षीचा साय यंग पुरस्कार (लीगच्या सगळ्यात चांगल्या पिचरचा) रायनला मिळाला नाही. बाल्टिमोरच्या जिम पामरला मिळाला, २२-९, ईआरए २.४०, स्ट्राइकआउट किती तर १५८. रायनच्या निम्म्यालाही पोचत नाही. रायनचे चाहते आजही यावर चिडतात, दोन नो-हिटर, ३८३, अजून काय पाहिजे होतं असं विचारतात. मी इतके दिवस त्यांच्याच बाजूने होतो, हे लिहायला बसलो आणि ब्लायलेव्हनचे आकडे शेजारी मांडले तेव्हा माझी बाजू जरा हलली. पामर पहिला की नाही यावर वाद घालता येईल (त्याची टीम जिंकत होती, मागची फिल्डिंग जबरदस्त होती), पण रायन नक्की पहिला असं आता मी छातीठोक नाही म्हणणार. रायन एकूण २७ सीझन खेळला, ५७१४ स्ट्राइकआउट, सात नो-हिटर, आणि साय यंग एकही नाही. करिअरचे २७९५ वॉक, तोही रेकॉर्डच, फक्त तो कुणी टीशर्टवर छापत नाही.

काढायला हवं होतं का

आजच्या नजरेने बघितलं तर विंकल्सने केलं ते वेडेपणाचं आहे. काही पणाला नसलेली मॅच, पायात गोळे आलेला २६ वर्षांचा पिचर, टीमचा सगळ्यात मौल्यवान हात, आणि तुम्ही त्याला अकरावी टाकायला पाठवता? आजचा मॅनेजर असं करेल तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं येईल.

पण रायनच्या बाबतीत त्या एका मॅचला दोष देणं जरा सोपं उत्तर आहे. पुढच्याच वर्षी, १४ जून १९७४ ला बोस्टनविरुद्ध त्याने १३ इनिंग टाकल्या, १९ स्ट्राइकआउट, १० वॉक, आणि पिच साधारण २३५. त्या १९७४ मध्ये एकूण ३३२ आणि दोन तृतीयांश इनिंग, ३६७ स्ट्राइकआउट, २०२ वॉक. त्याच वर्षी त्याचा वेग उपकरणाने मोजला तर १००.९ मैल निघाला, म्हणजे ताशी १६२ किलोमीटर. तीन वर्षांत मिळून साडेनऊशेच्या जवळ इनिंग. १९७५ मध्ये कोपर बोललंच, हाडाचे तुकडे काढायला ऑपरेशन, १९८ इनिंगवर सीझन आटोपला. इतकं टाकल्यावर कोपर दुखणार नाही तर काय होणार. फक्त यावरून हात संपला असं म्हणायची सोय नाही, कारण हा प्राणी त्यानंतर १८ वर्षं खेळला, १९९३ पर्यंत, वय ४६. त्यामुळे रायनवरून जास्त टाकण्याबद्दल कुठलाही नियम काढायला गेलात की तो मोडतो. एखाद्या आजोबांनी रोज दोन पाकिटं ओढून नव्वदी गाठली म्हणून आपण तसं करत नाही, तसंच.

विंकल्सने ठेवलं ते बरोबर केलं असं मला वाटतं. कारण एंजल्सकडे त्या सप्टेंबरमध्ये दुसरं काहीच नव्हतं. पंधरा मॅच मागे, रिकामी स्टँड. नऊ हजार माणसं कशासाठी आली होती? ५-४ बघायला तर नाहीच.

आता आजचं बघा. १९७३ मध्ये पाचच्या आसपास असलेली मॅचमागची सरासरी २०१९ मध्ये नऊच्या जवळ गेली. बॅटर सगळे होमरन मारायला जातात, पिचर सगळे ताशी ९५ मैलांच्या वर टाकतात, स्ट्राइकआउटचा नुसता पाऊस. मग ३८३ का नाही मोडत? २०१९ मध्ये गेरिट कोलने ३२६ काढले आणि त्याचे टक्के ३९.९, रायनच्या २८.३ समोर हे म्हणजे काहीच्या काही. पण त्याला बॅटर मिळाले ८१७. त्याच टक्क्याने ३८३ गाठायला साधारण ९६० लागले असते, म्हणजे अडीचशेच्या आसपास इनिंग. आणि अडीचशे इनिंग शेवटच्या कुणी टाकल्या तर जस्टिन व्हरलँडरने, २०११ मध्ये, २५१. त्यानंतर कुणीच नाही. २०२३ मध्ये स्पेन्सर स्ट्रायडर मेजर लीगमध्ये पहिला, २८१ स्ट्राइकआउट, १८६ आणि दोन तृतीयांश इनिंगमध्ये. पाटी लिहायला हात तयार आहे, पाटीच लहान केलीय.

सगळ्यात जवळ आला तो रँडी जॉन्सन, २००१, ॲरिझोना डायमंडबॅक्सकडून. ३७२ स्ट्राइकआउट, २४९ आणि दोन तृतीयांश इनिंगमध्ये, टक्के ३७.४. अकराने कमी पडला. त्या वर्षी ८ मे ला सिनसिनाटीविरुद्ध त्याने ९ इनिंगमध्ये २० स्ट्राइकआउट काढले, आणि मॅच बरोबरीत होती, एक्स्ट्रा इनिंगला गेली. मॅनेजर बॉब ब्रेनलीने नवव्या इनिंगनंतर त्याला बसवलं, दहावी-अकरावी दुसऱ्यांनी टाकली, ॲरिझोना ४-३ ने जिंकली. मे महिना होता, रेकॉर्डचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात असणार. नोव्हेंबरमध्ये ती टीम वर्ल्ड सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांची फायनल) जिंकली, जॉन्सनला साय यंगही मिळाला. ती मॅचही अकरा इनिंगच चालली होती.